माननीय कृत्रिम बुद्धिमत्ता साहेबांस अर्ज

गमरे काका कृत्रिम बुद्धिमत्तेला अर्ज करतात.

तुम्ही-आम्ही तिला नुसतं काहीतरी विचारतो. काका 'सादर' करतात. पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि टायपिंगचं दुकान आहे. काका येतात, 'जय भीम मॅडम' म्हणतात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसून चष्मा पुसतात आणि दोन बोटांनी सुरू होतात. 'प्रति, माननीय कृत्रिम बुद्धिमत्ता साहेब यांचे सेवेशी. विषय : राजपुत्र दरीत पडला असून त्यास वर कसे काढावे याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की...'

अर्ज पाठवण्याआधी त्याची प्रिंट निघते. तिच्यावर काका पेनाने सही करतात, कारण बिनसहीचा अर्ज म्हणजे निनावी पत्र. उत्तर आलं की त्याचीही प्रिंट. तिच्यावर 'आवक' असा शिक्का, खाली क्रमांक आणि तारीख. हा शिक्का त्यांनी खास महाडहून करून आणलाय. मग दोन्ही कागद लाल नाडीच्या फायलीत जातात. मी एकदा म्हटलं, "काका, त्या यंत्राला नुसतं अहो म्हटलं तरी चालतं. विषय-बिषय लिहावा लागत नाही."

"मॅडम, आज ते आपल्याशी नीट बोलतंय. उद्या नाही बोललं तर? हातात कागद असला की दाद मागता येते."

काका भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. तालुक्यातल्या यच्चयावत लोकांचे बांध त्यांनी मोजलेत आणि त्यामुळे निम्म्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्यात. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, नाहीतर बागेला. काकांनी अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. बायको, मुलगा, सून, नातू सगळे डोंबिवलीला. काकू फोनवर म्हणतात, या की आता इकडे. काका म्हणतात, "राज्याचा कारभार सोडून कसा येऊ?" राज्य म्हणजे कादंबरीतलं. राहतात इथे, भाड्याच्या एका खोलीत.

कादंबरीचं नाव 'अग्निगरुडाची हद्द, भाग पहिला'. तिच्यात जादूगार आहेत, राक्षस आहेत, डोंगराएवढा गरुड आहे, पण प्रत्येक राज्याची चतुःसीमा दिलेली आहे. पूर्वेस राक्षसांची पड जमीन, पश्चिमेस काळनदी, दक्षिणेस राजकन्येचा महाल व वहिवाटीची पायवाट, उत्तरेस नकाशाबाहेर. गरुड उडतो तोसुद्धा दुसऱ्याच्या हद्दीत सावली पडणार नाही अशा बेताने. आणि महायुद्ध पेटतं कशावरून? तर सीमेवरचा दगड कुणीतरी दोन हात आत सरकवतो त्यावरून. "जगातल्या सगळ्या लढाया बांधावरूनच होतात मॅडम," काका म्हणतात. "बाकी कारणं मागाहून जोडतात. आधी हद्द कायम करा, मग काय ते बोला." 'आधी हद्द कायम करा' हे त्यांचं पालुपद आहे. चहा कमी साखरेचा हवा असला तरी ते तेच म्हणतात.

पुस्तक काढायला कुणी प्रकाशक तयार होईना, म्हणून काकांनी ते स्वतःच काढायचं ठरवलं. मुखपृष्ठासाठी मी त्यांना चित्र काढून देणारं यंत्र दाखवलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पुढचे पंधरा दिवस दुकानात दुसरं काम झालं नाही. पहिल्या चित्रात सह्याद्रीऐवजी बर्फ पडलं. दुसऱ्यात किल्ल्याला धुराडी आली. तिसरं चित्र मला तरी फार आवडलं, पण काका भिंग घेऊन बसले आणि मोजायला लागले. मोजल्याशिवाय त्यांना कशावरच विश्वास बसत नाही. मग अर्ज गेला, 'सैनिक क्रमांक तीन याचे डाव्या हातास सहा बोटे आढळून आली आहेत. तरी त्यातील एक कमी करून मिळावे.' साहेबांनी ताबडतोब एक बोट कमी केलं, ते शेजारच्या सैनिकाचं. काकांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा घोड्याचा एक पाय गेला. शेवटी मी म्हटलं, काका, त्या हातावर ढाल आणून ठेवायला सांगा. तशी ढाल आली. आजही मुखपृष्ठावर त्या ढालीमागे सहा बोटं आहेत, हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

यंत्राच्या गोड बोलण्यावर मात्र काकांचा काडीचा भरवसा नाही. ते प्रत्येक उत्तराची सुरुवात 'अप्रतिम कल्पना!' अशी करतं. काका तेवढ्यावर लाल पेनाने रेघ मारतात. "कचेरीत कुणी इतकं गोड बोललं की समजावं, काम होणार नाही."

पुस्तक छापून आलं. त्याचे गठ्ठे काकांच्या खोलीत छतापर्यंत लागले आणि ते खपवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. अर्ज गेला. साहेबांनी दहा मुद्द्यांची योजना दिली. त्यातला एकच मुद्दा काकांनी मनावर घेतला, 'तुमचा वाचक जिथे निवांत वेळ घालवतो तिथे त्याला गाठा.' काका दोन दिवस विचार करत होते. आपल्याकडे माणूस निवांत वेळ घालवतो कुठे? तिसऱ्या दिवशी आले ते चेहरा उजळूनच. "मॅडम, घाटात!"

तेव्हापासून पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड पडली, वाहतूक थांबली, की काका निघाले. डोक्याला टोपी, हातात छत्री, खांद्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तकं. महाबळेश्वरला निघालेली मंडळी काचा लावून बसलेली असतात. काका काचेवर टकटक करतात आणि काच खाली झाली की थेट पहिलं प्रकरण वाचायला लागतात. समोर पोकलेन माती उपसतोय, गाडीत पोरं रडतायत, आणि खिडकीत गमरे काका, 'काळनदीच्या पश्चिम तीरावर सीमेचा दगड हलला, ती अमावस्येची पहाट होती...' एका गृहस्थांनी ते थांबावेत म्हणून पुस्तक घेतलं. काकांनी त्यावर प्रेमाने सही करून दिली. कशेडी घाटात मात्र त्यांचं जमेना. "बोगदा झाल्यापासून तिकडे वाचक थांबतच नाही हो," असं ते फार हळहळून सांगतात. रस्ते सुधारले की साहित्याचं नुकसान होतं, हे मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

पण एक सांगते. एका दुपारी दुकानासमोर भाजीचा टेम्पो करकचून थांबला आणि आतून ड्रायव्हर ओरडला, "त्या घाटातल्या काकांचं दुकान हेच का? राजपुत्र दरीत पडला नि पुस्तक संपलं! पुढं काय झालं ते सांगा, गाडीत लक्ष लागत नाय!" काका त्या दिवशी चहाला साखर घालायची विसरले.

आता म्हातारीकडे येते. सगळी भानगड तिच्यावरूनच झाली.

कादंबरीच्या तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या प्रकरणात एक म्हातारी येते. ती खिंडीच्या तोंडाशी बसलेली असते. खिंडीतून राजा जावो, सैनिक जावो, राक्षस जावो, ती एकच विचारते, 'जेवलास का?' नाही म्हटलं तर भाकरी देते. बस्स. ती शाप देत नाही, वर देत नाही, भविष्य सांगत नाही. टाईप करताना मीच म्हटलं होतं, काका, निदान शेवटी ती देवी निघू दे. काका म्हणाले, "छे. म्हातारी ती म्हातारीच."

छापण्याआधी काकांनी सगळं हस्तलिखित साहेबांना अभिप्रायासाठी सादर केलं होतं. उत्तर आलं, 'अप्रतिम कल्पना! मात्र वृद्ध स्त्रीचे पात्र कथानक पुढे नेत नाही. ते काढल्यास कथेचा वेग वाढेल.' काकांनी तोवर यंत्राच्या पुष्कळ सूचना मुकाट्याने मानल्या होत्या. जादूगाराची दोन लग्नं रद्द केली होती. इथे मात्र त्यांनी हरकत घेतली. मग पहिलं अपील. मग दुसरं अपील. साहेब दर वेळी नम्रपणे तेच सांगत. पालथ्या घड्यावर पाणी, पण घडा नक्की कोणता हे मला कळेना. शेवटी काकांनी त्या कागदावर 'प्रकरण प्रलंबित' असं लिहिलं आणि म्हातारीसकट पुस्तक छापलं.

आणि यंदा मुंबईहून फोन आला. गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीतल्या मुलीचा. घाटात अडकलेल्या कुणाच्यातरी गाडीतून पुस्तक तिच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांना त्याची शंभर भागांची श्राव्य मालिका करायची होती. लाखो लोक ऐकतील, म्हणाली. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. सहा वर्षं हा माणूस लिहीत होता. वाचक गाठायला पावसात चिखल तुडवत होता. आणि आता वाचक आपल्या पायांनी दारात आला होता.

"फक्त एकच चेंज आहे सर," मुलगी म्हणाली. "ती ओल्ड लेडी आहे ना, जेवलास का विचारणारी, ती काढू या. तिथे लिसनर सोडून जातो. सोमवारपर्यंत कळवाल?"

मी मनात म्हटलं, सुटलो. यंत्रही तेच म्हणतं, कंपनीही तेच म्हणते, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. काकांनी फोन ठेवला. बराच वेळ शिक्क्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "सुनावणी घ्यावी लागेल."

"कुणाची?"

"बाधित पक्षाची. ज्याची जागा जाते त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही. रविवारी दुकान बंद असतं ना तुमचं? चला माझ्याबरोबर. पंच म्हणून."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण काकांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. त्यांनी आधी माझ्याकडून एक काम करून घेतलं. लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज असतो ना यंत्रात, त्या आवाजात तिसरं प्रकरण मोबाईलवर तयार करून घेतलं.

रविवारी सकाळी आम्ही महाबळेश्वरच्या रस्त्याला एसटीने गेलो, एका वळणावर उतरलो आणि अर्धा तास चढ चढलो. वर काकांची बौद्धवाडी. चौदा घरं, त्यातली अकरा कुलुपात. माणसं मुंबईला. काकांना वाडी आहे हे मला ठाऊक होतं, पण तिथे त्यांचं कुणी राहतं हे ते कधी बोलले नव्हते. वाडीच्या तोंडाशी पहिलंच घर. ओटीवर पंचाहत्तरीची एक बाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली. नजर वाटेवर. आम्ही अजून अंगणातही आलो नव्हतो.

"जेवलास का रे, बाला?"

मी जागच्या जागी थांबले. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जेवलो, अक्का. ह्या टायपिंगवाल्या मॅडम."

"तू जेवलीस का गो?"

नऊच वाजले होते. मी नाश्ता करून आले होते, पण तोंडातून "नाही" असंच निघालं. कसं कोण जाणे. तशी म्हातारी भिंतीला धरून उठली आणि आत भाकरी थापायला गेली.

काकांनी मला तिथे ओटीवर बसून सांगितलं. आई गेली तेव्हा ते दोन वर्षांचे होते आणि ही थोरली बहीण, अक्का, बारा वर्षांची. तिची शाळा दुसरीतच सुटली. ह्यांना शिकायला खाली पोलादपूरला घातलं. एकदा घरात एकच भाकरी होती. दहा वर्षांच्या बाळाने 'मी जेवलो' म्हणून खोटं सांगितलं, शाळेची वाट धरली आणि खालच्या वळणावर चक्कर येऊन पडला. "तेव्हापासून ती वाटेवर बसते," काका म्हणाले. "येईल जाईल त्याला विचारते. मोजणीला आलेल्या माझ्या साहेबालासुद्धा विचारलं होतं." डोंबिवलीला येत नाही, वाडी सोडत नाही. म्हणून काकाही पोलादपूर सोडत नव्हते. कारभार कसला नि राज्य कसलं! मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या दुकानात बसून राक्षसांच्या गोष्टी सांगतो आणि ही एक गोष्ट सांगत नाही.

भाकरी-चटणी खाऊन झाल्यावर सुनावणी सुरू झाली. काकांनी मोबाईल ओटीवर ठेवला. आवाज वाचायला लागला, अगदी स्वच्छ, बातम्या देतात तसा. अक्काने कान पुढे केला.

"हा कोन बोलतो?"

"मशीन हाय, अक्का."

"जेवलाय का तो?"

"मशीन जेवत नाय."

"मग एवढा बोलतोय कशाच्या जोरावर?"

मी तोंडाला पदर लावला. काकांनी गंभीरपणे मशीन थांबवलं, प्रश्न वहीत नोंदवला आणि पुन्हा सुरू केलं. लढाईची तयारी झाली, तीनशे सैनिक खिंडीत शिरले आणि म्हातारी आली. 'जेवलास का?' असं तिने पहिल्याला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. अक्का ऐकत होती. तिच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. आवाज थांबला.

"काय वाटलं?" काकांनी विचारलं. वहीवरचं पेन हलत नव्हतं.

"राजाचा बरा हाय. पर ही म्हातारी लय मधी मधी करते रे. लश्कर चाललाय लढाईला नि ही जेवनाचं काय विचारत बसलीय? काढ तिला."

झालं. यंत्र, कंपनी आणि आता खुद्द बाधित पक्ष! मला हसू फुटणार होतं, पण काकांकडे पाहिलं आणि ते मी गिळलं. त्यांनी वही मिटली. म्हणाले, "काढतो. तू म्हणतेस तर काढतो. पर पुढं खिंडीत सात दिस कायपन मिळत नाय, अक्का. ती पोरं उपाशी जातील."

अक्का दचकली. "किती जना हायत?"

"तीनशे."

"तीनशे!" ती वाटेकडे बघत राहिली, जणू तीनशेजण आता वळणावरून वर येणार होते. मग हाताने नको नको करत म्हणाली, "मग ऱ्हावदे रे तिला. कुनी उपाशी नको जायाला." आणि खालच्या आवाजात, "पर तीनशे भाकऱ्या एकटीला नाय व्हायच्या. एकटी काय काय करील ती? जोडीला कोनतरी दे तिला."

काकांनी 'हो' म्हटलं. एवढंच. मी पंच म्हणून गेले होते, त्यामुळे निघताना त्यांनी वहीवर माझी सही घेतली.

सोमवारी त्यांनी माझ्या दुकानातूनच मुंबईला फोन केला. "सुनावणी झाली. म्हातारी कायम." त्या मुलीला यातलं काही कळलं नाही. तिने दोनदा समजावून पाहिलं, मग सॉरी सर म्हणाली आणि मालिका बारगळली. काकांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवडाभर ते कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. आंबेनळीत दरड पडली, गाड्यांची रांग लागली, तरी गेले नाहीत.

मग एके दिवशी त्यांनी पोलादपूरची खोली सोडली. पुस्तकांचे गठ्ठे माझ्या पोटमाळ्यावर आणून टाकले आणि स्वतः वर वाडीत राहायला गेले. काकू डोंबिवलीहून फोनवर कडाडल्या, आणि पुढच्या महिन्यात पापडाचा डबा घेऊन त्याही वर चार दिवस राहून आल्या. आता काका मंगळवारी तेवढे खाली येतात, कारण वर रेंज नाही आणि भाग दुसरा सुरू झालाय.

परवाच्या मंगळवारी अर्ज गेला. 'विषय : म्हातारीचे जोडीस एक इसम देणेबाबत.' दुसऱ्या भागात खिंडीच्या तोंडाशी म्हातारीशेजारी आता एक म्हातारा बसतो. जुना मोजणीदार आहे. तो चुलीत लाकडं सारतो, भाकऱ्या मोजतो आणि म्हातारीशी वाद घालतो. बाकी काही करत नाही.

उत्तर लगेच आलं. 'अप्रतिम कल्पना! मात्र हे नवे वृद्ध पात्रही कथानक पुढे नेत नाही. दोघांनाही काढण्याचा विचार करावा.'

काकांनी प्रिंट घेतली. 'अप्रतिम'वर लाल रेघ मारली. शिक्का मारला, क्रमांक घातला आणि समासात सावकाश लिहिलं, 'पाहिले. दप्तरी दाखल.' मग फायलीची नाडी बांधली, घड्याळाकडे बघितलं आणि घाईने पिशवी उचलली.

"निघतो मॅडम. दोनची एसटी चुकली तर अक्का जेवायची थांबते."